मेंदूइजाग्रस्तांचे काळजीवाहू कुटुंबीय

मेंदूइजाग्रस्तांचे काळजीवाहू कुटुंबीय : वाहन-अपघात, उंचावरून पडणे, मारहाण इत्यादींमुळे मेंदूला इजा झालेल्या व्यक्तीची घरी विनामोबदला देखभाल करणारे पती, पत्नी, आईवडील, भावंडे वा मुले. रुग्णालयातून सुट्टी मिळाल्यावर पुढची बरीचशी शुश्रूषा त्यांच्याच हातून होते. म्हणून त्यांचे आरोग्य हाही पुनर्वसनशास्त्राचा अभ्यासविषय आहे.

कामाचे स्वरूप : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, नाकातल्या नळीतून पातळ अन्न देणे, फिट येऊ नये म्हणून गोळ्या वेळेवर देणे ही कामे कष्टाची असली तरी शिकता येतात. कपाळामागील अग्रखंडाला इजा झालेला रुग्ण मात्र हिंडताफिरता असूनही सांभाळायला अवघड जातो. तो एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतो, गॅस चालू ठेवून निघून जातो, पाहुण्यांसमोर शिवीगाळ करतो, दुचाकीच्या किल्लीसाठी अडून बसतो; आणि आपले काही बिघडले आहे हे बरेचदा त्याला उमगतच नाही. डोक्यावरचा व्रण केसांखाली झाकला गेला की भेटायला येणारे ‘आता बरा दिसतोय की!’ म्हणतात आणि घरच्यांचे गाऱ्हाणे कोणाला पटत नाही.

परिणाम : चिंता, नैराश्य, झोपमोड, पाठदुखी, नोकरी सुटणे, कर्जबाजारीपणा आणि माणसांत मिसळणे बंद होणे हे सामान्यतः आढळणारे परिणाम होत. स्वतःचा रक्तदाब वा मधुमेह तपासून घेणे मागे पडते. ग्लासगो येथे नील ब्रुक्स व सहकाऱ्यांनी तीव्र इजा झालेल्यांच्या नातेवाइकांचा पाच वर्षे मागोवा घेतला (१९८६). रुग्णाचा स्वभाव बदलल्याचे सांगणारे नातेवाईक एका वर्षानंतर सुमारे ६० टक्के, तर पाच वर्षांनंतर ७४ टक्के होते. त्यांच्यावरील ताणही पहिल्या वर्षापेक्षा वाढला होता. अमेरिकन अभ्यासक पॉलीन बॉस यांनी अशा स्थितीला ‘संदिग्ध वियोग’ म्हटले आहे : माणूस समोर असतो, पण पूर्वीचा तो नसतो, त्यामुळे शोकही धड करता येत नाही. ताण मोजण्यासाठी स्टीव्हन झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. मुळात ती स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या काळजीवाहकांसाठी तयार झाली होती.

साहाय्य : घरी सोडण्यापूर्वी कुटुंबाला प्रत्यक्ष प्रशिक्षण, रुग्णाच्या बदललेल्या वर्तनाविषयी समुपदेशन, काही तास किंवा काही दिवस दुसऱ्या कोणी जबाबदारी घेणे आणि समदुःखी कुटुंबांचे गट यांचा उपयोग होतो. ब्रिटनमध्ये अशा साहाय्यासाठी ‘हेडवे’ ही संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र त्यातील २१ दिव्यांगत्व-प्रकारांत मेंदूइजेची स्वतंत्र नोंद नाही. अपघातात मेंदूला गंभीर इजा झालेल्या हरियाणातील एका मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन परिचारकांचा खर्च दरमहा एकूण १०,००० रुपये धरून वर्षाच्या रकमेला १८ च्या गुणकाने गुणून २१,६०,००० रुपये मंजूर केले. नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही, अशा घरांत हेच काम बिनपगारी आणि बिनसुट्टीचे चालते.