नवजात अतिदक्षता कक्षातील दैनंदिन परिचर्या : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

नवजात अतिदक्षता कक्षाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो. प्रथम उबवणी पेटी, मग प्राणवायू, नंतर श्वसनयंत्र, आणि प्रत्येक यंत्रामागे एखाद्या डॉक्टरचे नाव, अशी ही मांडणी असते. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. दीड किलो वजनाचे बाळ चोवीस तास ज्यांच्या हाती असते, त्या परिचारिकांची कामे तीत जवळजवळ दिसत नाहीत. शरीराची ऊब राखणे, नळीने दूध देणे, कूस बदलणे, त्वचेचा रंग पाहणे, तासातासाला नोंद करणे ही कामे किरकोळ समजली गेल्यामुळे त्यांचा इतिहासही किरकोळ समजला गेला. प्रस्तुत लेखात या कामांच्या अंगाने या क्षेत्रातील काही प्रसंगांचा मागोवा घेतला आहे. परिचारिकेची नजर कधी विज्ञानाच्या पुढे होती, तर कधी तिची श्रद्धा विज्ञानाच्या आड आली, हे दोन्ही त्यातून दिसून येते.

ऊब आणि दूध

१८७८ मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी प्रसूतितज्ज्ञ स्टेफान तार्निए यांच्या पाहण्यात आली. तशीच पेटी बालकांसाठी करवून घेऊन त्यांनी ती लवकरच तेथील मातेर्निते या प्रसूतिगृहात बसवली. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांचे मृत्यूचे प्रमाण त्यानंतर ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले, असे १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालावरून दिसते. हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. मात्र त्या पेटीच्या पुढील साध्या आवृत्तीत उष्णता टिकायची ती गरम पाण्याच्या बरण्या दर काही तासांनी बदलल्यामुळे, आणि त्या रात्री-अपरात्री बदलणारे हात अहवालात येत नाहीत. पेटी लाकडाची होती. तिच्यातील ऊब माणसांची होती.

त्याच रुग्णालयात अशक्त नवजातांसाठी स्वतंत्र विभाग १८९३ मध्ये सुरू झाला, तो मुख्य सुईण मादाम आँरी यांच्या पुढाकाराने. दोन वर्षांनी त्याची सूत्रे पिएर ब्युदँ यांच्याकडे आली आणि इतिहासात नाव राहिले ते प्रामुख्याने ब्युदँ यांचे. ब्युदँ यांनी तापमान, आहार आणि संसर्ग हे तीन प्रश्न या बालकांच्या जीविताचे मूळ मानले. तिन्ही प्रश्न शुश्रूषेचे आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अमेरिकेत शिकागो येथील मायकेल रीझ रुग्णालयाच्या सारा मॉरिस विभागात ज्युलियस हेस यांनी १९२२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी केंद्र उभारले. तेथील प्रमुख परिचारिका एव्हलिन लंडीन कडक शिस्तीसाठी ओळखल्या जात. बाळाला किती वेळा हात लावावा, दूध किती सावकाश द्यावे, हात केव्हा धुवावेत यांचे नियम त्यांनी घालून दिले. १९४१ मध्ये या विषयावर निघालेल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हेस यांच्या बरोबरीने लंडीन यांचे नाव आहे. डॉक्टर आणि परिचारिका यांची नावे अशी शेजारी छापली जाणे त्या काळी दुर्मीळच होते. या शिस्तीची एक किंमतही होती. संसर्गाच्या भीतीने आईवडिलांना बाहेर ठेवण्याची प्रथा अशा कक्षांत पक्की झाली आणि अनेक दशके माता काचेपलीकडूनच आपले मूल पाहत राहिल्या.

प्राणवायूच्या रात्री

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात बंदिस्त पेट्यांत प्राणवायू मुक्तपणे दिला जाऊ लागला. निळसर बाळ गुलाबी होते, हा प्रत्यय डोळ्यांसमोर होता. १९४२ मध्ये बोस्टन येथे टेरी यांनी अशा बालकांतील अंधत्वाचा एक नवा प्रकार नोंदवला. पुढील सुमारे बारा वर्षांत जगभर अंदाजे दहा हजार बालकांची दृष्टी गेली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूच्या अतिवापराकडे बोट दाखवले. त्याच सुमारास वॉशिंग्टन येथील गॅलिंजर रुग्णालयात आर्नल पाट्झ आणि त्यांचे सहकारी काही बालकांना भरपूर आणि काहींना मर्यादित प्राणवायू देऊन तुलना करीत होते.

या प्रयोगाची एक हकिकत पाट्झ यांनी पुढे सांगितली आहे. मर्यादित प्राणवायूच्या गटातील बालकांचा जीव धोक्यात घातला जात आहे, अशी काही परिचारिकांची खात्री झाली होती आणि रात्रपाळीत त्या गुपचूप प्राणवायूची कळ वाढवीत असत. या कृतीला बेशिस्त म्हणून सोडून देता येणार नाही. समोरचे बाळ निळे पडत असताना पुस्तकातील तक्ता पाळावा की हाताशी असलेली कळ फिरवावी, हा प्रश्न त्या परिचारिकांपुढे होता. दिवसा येऊन जाणाऱ्या संशोधकापुढे तो त्या स्वरूपात नव्हता. त्यांची करुणा खरी होती, आणि तीच बालकांच्या डोळ्यांना घातक ठरत होती. या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच म्हणावी लागेल.

१९५३-५४ मध्ये १८ रुग्णालयांतील ७८६ बालकांवर झालेल्या सहकारी अभ्यासाने प्राणवायूचा दोष सिद्ध केला. त्यानंतर पेटीतील प्राणवायू ४० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम रूढ झाला आणि अंधत्व झपाट्याने घटले. तथापि परिचारिकांची शंकाही अगदी निराधार नव्हती. वाचलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे सोळा बालके प्राणवायूअभावी दगावली असावीत, असा अंदाज केनेथ क्रॉस यांनी १९७३ मध्ये मांडला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीतही रक्तातील प्राणवायूची पातळी कमी राखल्यास डोळ्यांचा विकार घटतो, परंतु मृत्यू वाढतात, असे आढळले. आज यंत्राची धोक्याची घंटा कोणत्या आकड्यावर लावावी, याची काळजी परिचारिकेला प्रत्येक पाळीत घ्यावी लागते, तिच्यामागे हा सारा इतिहास आहे.

रॉचफर्ड येथील त्रिकोण

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा विभाग सिस्टर जे. वॉर्ड सांभाळत. ब्रिटिश रुग्णालयांत 'सिस्टर' हे विभागप्रमुख परिचारिकेचे पद होते. मराठी बोलीत हा शब्द पुढे प्रत्येक परिचारिकेलाच लागू झाला. कक्षातील कोंदट उष्णतेपेक्षा मोकळी हवा व ऊन बाळांना मानवते, असे वॉर्ड यांचे मत होते. हवा चांगली असली की त्या नाजूक बाळांना अंगणात नेत. १९५६ च्या उन्हाळ्यात एके दिवशी डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी त्यांनी एक उघडे बाळ काहीशा संकोचाने दाखवले. त्याची त्वचा फिकट होती, फक्त एका त्रिकोणी भागावर गर्द पिवळेपणा होता. तेथे औषधाचा रंग लावला आहे काय, असे डॉक्टरांनी विचारले. तसे काही नव्हते. चादरीच्या टोकाने झाकलेली जागा पिवळी राहिली होती आणि उन्हात आलेल्या उरलेल्या अंगाची कावीळ उतरली होती.

डॉक्टरांनी त्या वेळी या गोष्टीला फारसे महत्त्व दिले नाही. काही आठवड्यांनी काविळीच्या एका बाळाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात राहून गेली आणि तिच्यातील बिलिरुबिनचे प्रमाण अनपेक्षितपणे कमी भरले, तेव्हा दोन घटनांची सांगड लागली. क्रेमर, पेरिमन आणि रिचर्ड्स यांचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत वॉर्ड यांचे नाव नाही. अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळण्यास त्यानंतरही दहा वर्षे लागली. ल्युसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९६८ च्या चाचणीने ती मिळवून दिली. आज निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून निजवलेले बाळ जिल्हा रुग्णालयातही दिसते. रक्त बदलण्याची जोखमीची शस्त्रक्रिया त्यामुळे बहुतांशी टळली. उन्हातून आणलेल्या बाळाचे अंग निरखून पाहण्याच्या रोजच्या सवयीतून हा शोध लागला, हे मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

स्पर्शाचा पुनर्विचार

अतिदक्षता कक्ष आजच्या अर्थाने उभा राहिला तो १९६० मध्ये येल येथे, लुई ग्लक यांच्या प्रयत्नाने. यंत्रे वाढली तशी बाळाला हात लावण्याची निमित्तेही वाढली : रक्त घेणे, घशातील स्राव ओढून काढणे, वजन करणे, चिकटपट्ट्या बदलणे. त्वचेवरून सतत प्राणवायू मोजणारे यंत्र आल्यावर लाँग, फिलिप आणि ल्युसी यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की, बाळाच्या रक्तातील प्राणवायू अनेकदा या हाताळणीच्या वेळीच घसरतो. नियमितपणा हा परिचर्येचा गुण समजला जात होता. आता कामे एकत्र उरकून बाळाला मध्ये विसावा देणे हा गुण ठरला. आपलीच काळजी बाळाला शिणवते, हे मान्य करणे कोणत्याही व्यवसायाला सोपे नसते.

मातेचा प्रवेश

काचेपलीकडची माता आत आली ती काही ठिकाणी विचारपूर्वक, तर काही ठिकाणी नाइलाजाने. स्टॅनफर्ड येथे १९६० च्या दशकात मातांना प्रवेश देऊन पाहिला गेला. बोगोटा येथे १९७८ पासून एडगर रे यांनी बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली, कारण पेट्या पुरत नव्हत्या. एस्टोनियातील टॅलिन येथे १९७९ मध्ये परिचारिकांची उणीव होती म्हणून माताच चोवीस तास बाळाची परिचर्या करू लागल्या.

महाराष्ट्राचा यातील वाटा लहान नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ब्युदँ यांच्या दुसऱ्या प्रश्नाला महापालिकेच्या रुग्णालयाने दिलेले ते उत्तर होते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतील स्त्रियांना नवजातांचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, ऊब राखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे शिकवले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. कक्ष नव्हता, पेटी नव्हती. परिचर्येची दैनंदिन कृत्ये तेवढी होती. पुढे २०११ मध्ये 'आशा' कार्यकर्तींमार्फत ही गृहाधारित काळजी देशभर नेण्यात आली.

२०१७ मध्ये केंद्र शासनाने नवजात कक्षांत कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२१ मध्ये, दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय सहभागी असलेल्या पाच देशांतील चाचणीने, जन्मानंतर लगेच बाळाला आईच्या छातीशी ठेवल्यास मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात असे दाखवले. त्यासाठी कक्षातच मातांच्या खाटा मांडाव्या लागल्या. प्रसूत स्त्री आणि तिचे आजारी बाळ या दोघांची परिचर्या एकाच परिचारिकेकडे आली, आणि एका पाळीत तिच्या वाट्याला किती खाटा असाव्यात, हा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला.