गाडीला वॅक्स लावण्याआधी धूळ काढा. कोणतं वॅक्स घ्यावं?

मुधोळ : भैंसा-बासर रस्त्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली, की रंगावर बारीक ओरखडे उठतात. आधी भरपूर पाणी मारा, मग कार शाम्पूने धुवा. भांड्याच्या साबणाने जुनं वॅक्स उतरतं. हाताला खरखर लागली तर शाम्पूचं पाणी मारत क्ले बार फिरवा.

वॅक्स सावलीत, पत्रा थंड असताना, पातळच लावा आणि मायक्रोफायबरने पुसा. ब्राझीलच्या ताडाच्या पानांपासूनचं कार्नौबा वॅक्स चमक छान देतं, पण उन्हात लवकर उतरतं. गाडी उघड्यावर राहत असेल तर सिंथेटिक सीलंट घ्या. ते जास्त टिकतं.

ओरखडे वॅक्सने जात नाहीत, पॉलिश लागतं. मात्र पॉलिश दर वेळी रंगाचा वरचा थर थोडा झिजवतं; म्हणून धुण्यातच काळजी घेतलेली बरी.