'रेड झिरो'मधला शून्य

मंडळी, सर्व्हरवर दोन-चार डिस्क जोडून त्यांचं 'रेड झिरो' करणं आज पाच मिनिटांचं काम आहे. पण नावातला तो शून्य आला कुठून?

डेटाचे तुकडे करून अनेक डिस्कवर पसरायचे, की सगळ्या एकदम कामाला लागतात आणि वेग वाढतो. हे स्ट्रायपिंग. सालेम आणि गार्सिया-मोलिना यांनी त्यावर १९८६ साली निबंध सादर केला होता.

१९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी साधा हिशेब मांडला. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर १०० डिस्कपैकी एखादी ३०० तासांतच जाणार. म्हणजे पंधरवडाही नाही! आणि नुसत्या स्ट्रायपिंगमध्ये एक गेली की सगळंच गेलं. म्हणून त्यांनी जादा डिस्क ठेवून डेटा वाचवायचे पाच प्रकार सांगितले, १ ते ५. 'रेड'मधला 'आर' तोच : रिडंडंट, म्हणजे जादा. शून्य त्या यादीत नव्हताच बरं का, तो स्ट्रायपिंगला नंतर चिकटला.

तेव्हा तात्पुरत्या फायलींसाठी झिरो खुशाल वापरा. ज्याची दुसरी प्रत नाही असं काही मात्र त्यावर ठेवू नका. किती डिस्क गेल्या तर चालेल, याचं उत्तर नावातच दिलंय.