प्राप्तिकर, वैयक्तिक

व्यक्तीच्या वार्षिक उत्पन्नावर केंद्र सरकार आकारीत असलेला प्रत्यक्ष कर. १८५७ च्या उठावानंतरची तूट भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो १८६० मध्ये भारतात आणला. १९२२ व १९६१ च्या कायद्यांनंतर १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू झाला [→ करपद्धती].

शेतीचे उत्पन्न या करातून मुक्त आहे. सोलापूर जिल्ह्यातील डाळिंब, द्राक्षे वा ऊस यांच्या उत्पादकाला पिकाच्या उत्पन्नावर तो भरावा लागत नाही. त्याचे दूधधंद्याचे वा घरभाड्याचे उत्पन्न मात्र करपात्र असते. ते मूळ सूट-मर्यादेहून अधिक व निव्वळ शेतीउत्पन्न ५,००० रुपयांहून जास्त असल्यास कराचा दर ठरवताना शेतीउत्पन्नही हिशेबात धरतात.

नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून निवासी व्यक्तीच्या १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर शून्य होतो. ही करात मिळणारी सूट असल्याने ४ लाखांवरील उत्पन्नाचे विवरणपत्र भरणे तरीही बंधनकारक आहे; येथेच अनेकांचा गैरसमज होतो.

पाच वर्षांच्या सेवेपूर्वी भविष्य निर्वाह निधीतून ५०,००० रुपये वा अधिक काढल्यास उगमस्थानी करकपात होते. सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांसारख्या अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींनी करदायित्व नसल्याचे घोषणापत्र आधी दिल्यास ती टळते. झालेली कपात विवरणपत्राद्वारे परत मिळते. पॅन चुकल्यामुळे कपात नोंदीत न दिसल्यास दुरुस्ती कपात करणाऱ्यानेच करावयाची असते. विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी आवश्यक असते [→ व्यवसाय कर].