हबसाणातली पावती

मागल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवाला शाळेतून काम दिलं होतं. ‘माझ्या परिसरातील ऐतिहासिक स्थळे’ या विषयावर दहा पानं लिहायची, चित्रं चिकटवायची. दोन दिवस तो ओटीवर वही घेऊन नुसता बसून होता. मला म्हणाला, “आबा, आपल्या दिघीत काय आहे? समोर एक जंजिरा, त्याच्यावर तर सगळी मुलं लिहिणार. मुंबईसारखं म्युझियम असतं तर बरं झालं असतं.”

त्याची चूक नव्हती. माझंही अर्धं आयुष्य तसंच गेलं. पोफळीला पाणी लावता लावता मान वर केली की जंजिरा दिसायचा, पण तो बघायची वस्तू आहे असं कधी वाटलं नाही. दहावीपर्यंत शिकलो, पुढं आगरात उतरलो. किल्ला पाहुण्यांना दाखवायचा, आपण धक्क्यावरच थांबायचं. म्हटलं, आता नातवाबरोबर आपणही बघून घेऊ. चार दिवस दोघं हिंडलो.

पहिल्या दिवशी जंजिरा. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठं आहे ते समजत नाही, बांधणीच तशी आहे. दरवाज्यावर दगडात वाघ कोरलेला आहे, त्यानं पंजाखाली हत्ती दाबून धरलेत. आत कलालबांगडी तोफ उन्हात पडलेली. खाऱ्या पाण्याच्या मधोमध दोन गोड्या पाण्याचे तलाव आहेत. शेतकऱ्याची नजर तिथंच अडकते. पाणी आहे म्हणून किल्ला टिकला, नाहीतर तोफा काय कामाच्या?

होडीवाला तांडेल सगळ्यांना सांगतो तेच सांगत होता. मूळचा मेढेकोट कोळ्यांच्या राम पाटलाचा, पुढं तो सिद्दींच्या हाती गेला. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले. संभाजी महाराजांनी 1682 साली राजपुरीच्या बाजूनं समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली. पण मोगली फौज स्वराज्यावर चालून आली आणि काम सोडावं लागलं. नातू म्हणाला, “म्हणजे हा शत्रूचा किल्ला.”

मी जरा गप्प झालो. शाळेच्या पुस्तकात तसंच आहे, आणि ते खोटं नाही. पण आमच्या घरात दुसरीही एक गोष्ट होती. आमचा आजा या किल्ल्याच्या धन्याची रयत होता. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा मुलूख जंजिरा संस्थानचा, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हबसाण. 1948 साली संस्थान विलीन झालं, आम्ही कुलाबा जिल्ह्यात आलो. 1981 साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं. गाव जागच्या जागी, पाटी तेवढी बदलत गेली. आजा नवाबाला शिव्याही देत नसे आणि त्याची आरतीही करत नसे. “सारा भरला की पावती मिळायची,” एवढंच म्हणायचा.

श्रीवर्धनला गेलो तेव्हा ही गोष्ट पुन्हा आठवली. तिथं बाळाजी विश्वनाथांचा पुतळा आहे. 1713 साली ते पेशवे झाले, पण त्याआधी भट घराणं श्रीवर्धनचं देशमुख होतं, सिद्दीच्याच मुलखातलं. तिथून त्यांना बाहेर पडावं लागलं. म्हणजे पुण्यात राज्याचा कारभार हाकणारं घराणं आमच्यासारखंच हबसाणातलं, नारळी-पोफळीच्या सावलीतलं. नातवानं ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

वाटेत दिवेआगरला थांबलो. तिथं रूपनारायणाची मूर्ती आहे, काळ्या दगडातली, कडेनं दशावतार कोरलेले. शिलाहारांच्या वेळची म्हणतात. गाव त्याहून जुनं असलं तरी नवल नाही. शके 982, म्हणजे इ. स. 1060 सालचा मराठीतला ताम्रपट याच दिवेआगरचा. आपली भाषा तांब्यावर कोरली जात होती त्या काळात इथं लोक नांदत होते.

आणि सुवर्ण गणेश. 1997 सालच्या नोव्हेंबरात पोफळीच्या वाडीत खणताना कुदळ पेटीला लागली, आत सोन्याचा मुखवटा. तेव्हा सगळी पंचक्रोशी लोटली होती, मीही गेलो होतो. 2012 सालच्या मार्चमध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांना मारून तो नेला आणि वितळवला. पुढं मिळालेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवून 2021 साली बसवला. हात जोडले. पण मनात येतं, सोनं तेच असलं तरी जुन्या कारागिराचा हात त्यात राहिला नाही. मातीनं एवढी वर्षं सांभाळलं, माणसांना पंधरा वर्षंही सांभाळता आलं नाही.

चौथ्या दिवशी जंगलजेटीनं आगरदांड्याला उतरलो आणि तळ्याच्या रस्त्यानं कुड्याच्या लेण्यांकडे निघालो. आमच्या दारातली हीच राजपुरीची खाडी आत शिरत शिरत मांदाडपर्यंत जाते. जुन्या परदेशी दर्यावर्दींनी मंदगोर नावाचं बंदर लिहून ठेवलंय, ते हेच मांदाड असं अभ्यासक म्हणतात. तिथं डोंगराच्या पोटात 26 लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली. आम्ही गेलो तेव्हा तिथं आमच्याशिवाय एक गुराखी आणि त्याची दोन वासरं.

भिंतींवर ब्राह्मी अक्षरं आहेत. मला वाचता येत नाहीत. पण नातवानं शाळेतल्या पुस्तकातून आधी टिपण काढून आणलं होतं. कोणी कोणतं लेणं, कोणती टाकी दान दिली ते त्या अक्षरांत लिहिलंय. तो वाचत गेला. इथल्या सरदार घराण्यातली माणसं, एक वैद्य, एक लोखंडाचा व्यापारी, भिक्षुणी. आणि मग म्हणाला, “आबा, एक माळीपण आहे.”

“काय म्हणालास?”

“माळी. फुलझाडांचा, बागेचा. त्यानं लेणं दिलंय.”

मी पायरीवर बसलोच. इतके किल्ले, थडगी, पुतळे बघितले. सगळीकडे राजा नाहीतर सेनापती. इथं मात्र बागेत राबणाऱ्या माणसाचं नाव दगडात आहे आणि दोन हजार पावसाळे झाले तरी ते वाचता येतंय. त्याचाही वाफा असेल, पाट असेल, उन्हाळ्यात पाण्याची ओढ असेल. तरी चार पैसे राखून त्यानं डोंगरात आपलं नाव ठेवलं.

तिथं बसून मला आमची पत्र्याची पेटी आठवली, आणि आता ती गोष्ट सांगायलाच हवी.

आज्याच्या सगळ्या पावत्या त्या पेटीत होत्या. संस्थानचा शिक्का, मोडीतला मजकूर. जमिनीची, साऱ्याची, कुणाशी झालेल्या देण्याघेण्याची कागदपत्रं, चांगला वीतभर गठ्ठा. दादा, म्हणजे माझे वडील, मरेपर्यंत मला सांगत होते, “मोडी वाचणारा माणूस गाठ आणि हे एकदा वाचून घे.” मी दरवर्षी म्हणायचो, भाताची कापणी होऊ दे, सुपारी उतरू दे. तीस वर्षं कापणी होत राहिली.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. दुपारी दीड-दोन तासांत आगर आडवं झालं. आज्यानं लावलेल्या, दादांनी वाढवलेल्या पोफळी मोडून एकमेकींवर पडल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव लांबवर आहे, पण पोफळ फळाला यायला किती वर्षं लागतात ते लावणाऱ्यालाच ठाऊक. घराची कौलं उडाली, माळ्यावर पाणी पडत राहिलं. आम्ही माणसं, गुरं, धान्य बघितलं. पेटीची आठवण चौथ्या दिवशी झाली. उघडली तर आत काळं पाणी आणि कागदाचा लगदा.

पोफळी गेल्या त्याबद्दल पंचनामा झाला, थोडी भरपाई मिळाली, नवी रोपं लावली. पेटीचा पंचनामा कोण करणार? वादळाला दोष देऊन मोकळं होता येतं. पण खरं सांगायचं तर ते कागद वादळानं एका दुपारात घालवले आणि मी तीस वर्षांत.

अगदी तळाशी, पितळेच्या डब्यात, तीन पावत्या कोरड्या राहिल्या होत्या. कुड्याहून परतलो त्याच आठवड्यात नातवानं मोबाइलवर त्यांचे फोटो काढले आणि मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी भिंग लावून वाचलं. दोन पावत्यांवर नुसती रक्कम आणि तारीख. तिसरीवर माझ्या पणज्याचं नाव, आमच्या आगराचं नाव आणि सारा भरून पावल्याची खूण. मला पणज्याचं नाव माहीत होतं, पण लिहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. गुरुजींना म्हटलं, “पुन्हा एकदा वाचा.” त्यांनी वाचलं.

नातवाच्या वहीत शेवटच्या पानावर त्या पावतीचा फोटो आहे. वर जंजिरा, श्रीवर्धन, दिवेआगर, कुडे, आणि खाली त्यानं लिहिलंय : ‘आमचं घर, दिघी’. बाईंनी विचारलं म्हणे, हे ऐतिहासिक स्थळ कसं? तो म्हणाला, कागद आहे ना.

तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल. यंदा मृगाच्या आधी ती खाली काढा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्यासमोर उघडा.