मोटरहोमच्या वायरिंगला पोर्टेबल डिश अँटेना कसा जोडतात?

अमेरिकेत मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. अशा गाडीत टीव्ही बहुतेक वेळा असतोच. टपावर साध्या प्रसारणाचा अँटेना बसवलेला असतो. पण डोंगरात किंवा जंगलातल्या कॅम्पग्राउंडवर तो उपयोगी पडत नाही. मग जमिनीवर ठेवायची, घुमटाच्या आकाराची छोटी डिश कामी येते. विनगार्ड आणि किंग या कंपन्यांच्या अशा डिश तिथे प्रचलित आहेत. डिश सावलीबाहेर ठेवून गाडी झाडाखाली उभी करता येते, हा तिचा मोठा फायदा.

अडचण येते ती जोडणीत. गाडीच्या भिंतीत आधीच असलेली केबल वापरावी असे कोणालाही वाटेल, पण चुकीच्या केबलला जोडल्यास चित्र तर येत नाहीच, शिवाय उपकरणही बिघडू शकते.

एकाच केबलमधून सिग्नल आणि वीज

उपग्रहाकडून येणारा सिग्नल सुमारे १२ गिगाहर्ट्झचा असतो. इतका उच्च सिग्नल केबलमधून फार लांब जात नाही. म्हणून डिशमधला एलएनबी हा भाग तो ९५० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात उतरवतो आणि केबलमध्ये सोडतो.

एलएनबीला लागणारी वीज सेट टॉप बॉक्स त्याच केबलमधून उलट दिशेने पाठवतो. ती कधी १३ व्होल्ट असते, तर कधी १८. कोणत्या ध्रुवीकरणाचे चॅनेल हवेत, हे एलएनबीला या व्होल्टेजवरून कळते. आपल्या घरच्या डीटीएच छत्रीतही हीच युक्ती असते. काही पोर्टेबल डिशची मोटरही याच विजेवर फिरते. काहींना १२ व्होल्टची वेगळी वायर द्यावी लागते.

थोडक्यात, सेट टॉप बॉक्स ते डिश ही केबल अखंड हवी. मध्ये काहीही नको.

टपावरच्या अँटेनाची केबल का चालत नाही?

त्या केबलवर बहुधा बूस्टर असतो. टीव्हीजवळच्या भिंतीवर छोटे बटण आणि दिवा दिसतो, तोच हा. तो टपावरच्या अँटेनाला १२ व्होल्ट पुरवतो. पुढे सिग्नल दोन-तीन टीव्हींना वाटण्यासाठी स्प्लिटर असतात. हे भाग साध्या टीव्हीच्या कमी फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेले असतात. ते उपग्रहाचा सिग्नल आणि डिशची वीज अडवतात. त्यात बूस्टरची वीज सेट टॉप बॉक्सच्या विजेला भिडली, तर नुकसानीचा धोका असतो.

योग्य केबल कशी शोधायची?

बऱ्याच मोटरहोमच्या बाहेरील बाजूच्या कप्प्यात दोन सॉकेट असतात. एकावर ‘केबल’ आणि दुसऱ्यावर ‘सॅट’ असे लिहिलेले असते. आपल्याला दुसरे हवे. त्याचे आतले टोक टीव्हीमागच्या कपाटात असते. तिथे खुणा नसल्या तर मल्टिमीटर वापरा:

१. केबलच्या दोन्ही टोकांची सर्व उपकरणे काढा.
२. बाहेरच्या सॉकेटची मधली पिन आणि बाहेरचे कडे तारेच्या तुकड्याने जोडा.
३. आतल्या प्रत्येक केबलवर पिन आणि कड्यामध्ये कंटिन्युइटी तपासा. जिथे आवाज येईल, ती तुमची केबल.
४. तारेचा तुकडा लगेच काढा. तो राहिला तर सेट टॉप बॉक्स सुरू करताच शॉर्ट सर्किट होईल.

एकाही केबलवर आवाज आला नाही, तर मध्ये स्प्लिटर असू शकतो किंवा केबल तुटलेली असू शकते. अशा वेळी खिडकीतून किंवा कप्प्यातून नवी केबल थेट आत घेणे सोपे पडते.

जोडणीचा क्रम

१. सेट टॉप बॉक्सचा प्लग काढा. वीज चालू असताना केबल जोडू नका.
२. सपाट जागी, दक्षिणेकडचे आकाश मोकळे असेल अशी डिश ठेवा. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर असल्यामुळे अमेरिकेतून ते दक्षिणेकडे दिसतात. एखादे झाड आड आले तरी सिग्नल तुटतो.
३. डिशपासून ‘सॅट’ सॉकेटपर्यंत आरजी-६ प्रकारची केबल लावा. एफ कनेक्टर हाताने घट्ट फिरवा.
४. आतले टोक सेट टॉप बॉक्सच्या सॅटेलाइट इनपुटला लावा. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआय केबल जोडा.
५. वीज सुरू करा, मेनूत अँटेनाचा योग्य प्रकार निवडा आणि डिशला उपग्रह शोधू द्या. याला काही मिनिटे लागतात.

डिश आणि बॉक्स एकाच सेवेचे असावेत. डिश नेटवर्क आणि डायरेक्टीव्ही यांचे उपग्रह वेगळे आहेत.

चित्र आले नाही तर

- डिश हलतच नाही: वीज पोहोचत नाही. मध्ये स्प्लिटर आहे का ते पाहा.
- अर्धेच चॅनेल दिसतात: दोनपैकी एक व्होल्टेज नीट पोहोचत नसावे. केबल फार लांब आहे का, कनेक्टर सैल किंवा गंजलेला आहे का, हे तपासा.
- डिश फिरते, पण उपग्रह सापडत नाही: समोर अडथळा आहे. जागा बदला.
- जोराच्या पावसात चित्र जाते: हा जोडणीचा दोष नाही. पाऊस ओसरला की चित्र परत येते.

शंका असल्यास छोट्या केबलने डिश थेट सेट टॉप बॉक्सला जोडून पाहा. तसे चित्र आले, तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये आहे हे नक्की.