मी, गोरेंग आणि मामा

क्वालालंपूरमध्ये रस्त्याकडेच्या कुठल्याही साध्या खाणावळीत शिरा, पाटीवर एक नाव हमखास दिसेल : 'मी गोरेंग मामाक'. मराठी माणूस तिथे थबकतोच. 'मी' आपला आणि 'मामा'ही आपला! पण यातला 'मी' दक्षिण चीनच्या होक्कियन बोलीतला आहे. त्याचा अर्थ गव्हाच्या शेवया, म्हणजे नूडल्स. 'गोरेंग' हा मलाय शब्द, अर्थ तळलेले किंवा परतलेले. 'मामाक' मात्र खरोखरच मामा. तमिळ मुसलमान दुकानदाराला गिऱ्हाईक आदराने मामा म्हणे, आपण शाळेतल्या शिपायाला म्हणतो तसे. त्याचे मलाय बोलीत 'मामाक' झाले. एका बशीच्या नावात तीन भाषा आहेत, आणि त्या एका कढईत कशा आल्या ते सांगायचे म्हणजे त्या देशाचा दोनशे वर्षांचा इतिहास सांगणे आहे.

गोंबाक आणि क्लांग या दोन नद्यांच्या संगमावर, १९०९ साली बांधलेल्या जामेक मशिदीच्या आसपास मी ही बशी प्रथम खाल्ली. क्वालालंपूर म्हणजे गढूळ पाण्याचा संगम. याच संगमावर १८५७ साली, आपल्याकडे उठाव चालू असताना, ८७ चिनी मजूर कथलाच्या शोधात होड्यांतून उतरले आणि आंपांगच्या जंगलात शिरले. महिन्याभरात हिवतापाने त्यांतले १८ उरले. तरी कथील सापडले आणि मागून आणखी माणसे आली. ही सगळी एकटी पुरुष माणसे. घर नाही, चूल नाही. गिरणगावातल्या कामगाराला खाणावळ लागली, तशी यांना शेवयांची हातगाडी लागली.

मामा त्याच्याही आधीचा. इंग्रजांनी १७८६ साली पिनांग बेट घेतले, तेव्हापासून कोरोमंडल किनाऱ्यावरचे तमिळ मुसलमान व्यापारी तिथे येऊन राहिले. १८०१ साली त्यांनी उभारलेली कपितान केलिंग मशीद आजही तिथे आहे. रबराच्या मळ्यांवर आणलेले तमिळ मजूर वेगळे, ते बहुतेक हिंदू आणि पुष्कळ नंतरचे. मामा दुकानदार होता. शेजारचा चिनी डुकराच्या चरबीत शेवया परतायचा, तिकडे मलाय गिऱ्हाईक फिरकत नसे. मामाने त्याच पिवळ्या शेवया घेतल्या आणि चरबी टाळून तेलात टाकल्या. वर मिरचीचे वाटण, उकडलेला बटाटा, टोफू, मोड आलेले मूग, अंडे, टोमॅटो सॉस. शेवटी लिंबाची फोड. (शेवयांचा पिवळेपणा अंड्यामुळे येतो असे पुष्कळांना वाटते. तो बहुधा खाराचा असतो. आपल्या पापडखाराचाच हा भाऊबंद.) चव तिखट-गोड, थोडी धुरकट. बटाटा पाहून मला तर घरच्यासारखे वाटले.

हलाल असल्यामुळे मलाय येतो, स्वस्त म्हणून चिनी आणि तमिळ येतात, आणि पुष्कळ दुकाने रात्रभर उघडी. त्यामुळे तिन्ही समाजांची माणसे एका टेबलावर दिसतात ती इथेच. पण यावरून तिथे सगळे आलबेल आहे असे म्हणायला मी धजणार नाही. इंग्रजांनी मलायाला भातशेतीत, चिन्याला कथलात आणि तमिळाला रबरात ठेवले होते. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी स्वातंत्र्य आले, तरी या भिंती राहिल्या. १३ मे १९६९ रोजी निवडणुकीच्या निकालानंतर याच शहरात मलाय आणि चिनी यांच्यात दंगल उसळली. सरकारी आकड्याप्रमाणे १९६ माणसे मेली. खरा आकडा मोठा होता असे मानणारे पुष्कळ आहेत. मग १९७१ साली नवे आर्थिक धोरण आले आणि 'बुमिपुत्रा'ला शिक्षणात, नोकरीत, धंद्यात सवलती मिळाल्या. हा शब्द आपल्याला परका नाही. भूमिपुत्र! मुंबईत त्याच सुमाराला याच नावाने राजकारण तापत होते. गंमत म्हणा की दैव म्हणा, मामा मुसलमान असूनही सहसा बुमिपुत्रांत मोजला जात नाही.

आता भूमिपुत्राचा हा प्रश्न कढईपर्यंत आला आहे. पिनांग राज्यात जानेवारी २०१६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांवर परदेशी स्वयंपाक्याने स्थानिक पदार्थ रांधायला बंदी आहे. चार क्वे त्याव, आसाम लाक्सा अशी नावे यादीत आहेत. परदेशी माणसाने भांडी घासावीत, भाजी चिरावी, पण झारा हाती घेऊ नये. कारण दिले गेले ते अस्सल चव टिकवण्याचे. त्यामागची काळजी मला समजते; बेटावर लोक खायलाच जातात आणि हात बदलला की चव बदलते. पण चार क्वे त्याव हे नावच चिनी बोलीतले, आणि तो पदार्थ आणणारा माणूस बोटीतून उतरला तेव्हा परदेशीच होता. पुढे २०२४ साली मलेशियाची बहुवांशिक न्याहारीची परंपरा युनेस्कोच्या वारसायादीत गेली. त्यात मामाच्या दुकानातला चहा आणि रोटी आहेत.

क्वालालंपूरला मला शेवया परतून देणारा पोरगा जेमतेम विशीचा होता. तो हिंदीत बोलला. गाव विचारले, तर म्हणाला, बांगलादेश, कुमिल्ला. गिऱ्हाइके त्यालाही मामाच म्हणून हाक मारत होती.